पाळणाघरात शेंगा का सोलायला लावतात?

माझ्या सुनेचं सांगलीत विश्रामबागला पाळणाघर आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवून निवृत्त झालो. त्यामुळे जून आला की नव्या मुलांचे फॉर्म तपासून फाइलला लावायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडतं. फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न असायचा, 'पाळणाघराकडून आपली अपेक्षा काय?' त्याखाली चार ओळींची कोरी जागा.

त्या ओळी वाचायला मला आवडायचं. 'शिस्त लागावी.' 'एबीसीडी आणि १ ते ५० लिहिता यावं.' 'इंग्लिश बोलावं.' 'हातानं जेवावं.' 'मोबाइल सुटावा.' 'शाळेच्या इंटरव्ह्यूला घाबरू नये.' कुपवाड एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या एका आईनं एवढंच लिहिलं होतं, 'संध्याकाळी न्यायला येईन तेव्हा हसत असावी.'

पावसाळ्यात एक बाबा तावातावानं आले. त्यांची साडेतीन वर्षांची मुलगी घरी जाऊन मोठ्या अभिमानानं म्हणाली होती, 'आज आम्ही शेंगा सोलल्या.' बाबांचं म्हणणं, 'पैसे आम्ही भरायचे आणि शेंगा पोरीनं सोलायच्या होय? वही बघावी तर कोरी!' सुनेनं त्यांना बसवलं, चहा केला, समजावलं. त्यांना किती पटलं कोण जाणे. एका कपात ते सगळं मावणारं नव्हतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

तीन ते आठ हा एकच टप्पा

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदी हवी की नको यावर राज्यभर रान उठलं. एप्रिल आणि जूनमध्ये निघालेले शासन निर्णय जूनअखेर मागे घेतले गेले. त्या गदारोळात लहान मुलांच्या शिक्षणातला खरा बदल कुणाच्या ध्यानातच आला नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शाळेची जुनी १०+२ ची मांडणी बदलून ५+३+३+४ अशी केली. त्यातले पहिले ५ म्हणजे वयाची तीन ते आठ ही वर्षं. अंगणवाडीची किंवा बालवाडीची तीन आणि त्याला जोडून पहिली-दुसरी. याला 'पायाभूत स्तर' म्हणतात.

आजवर आपल्या डोक्यात असं होतं की शाळा पहिलीपासून सुरू होते आणि त्याआधीचं सगळं म्हणजे एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसणं. आता ती वर्षंही शाळेतच मोजली जातात हे ऐकून बऱ्याच पालकांनी अर्थ काढला, की पहिलीचा अभ्यास आता तिसऱ्या वर्षी सुरू करायचा. धोरणात नेमकं उलट आहे. पहिलीची वही खाली बालवाडीत आणायची नाही, बालवाडीतला खेळ वर दुसरीपर्यंत न्यायचा आहे. या वयासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला आणि पाठोपाठ फेब्रुवारी २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' नावाची पेटी आली. त्या पेटीत खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रांची कार्डं आहेत.

यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला तो याच विचारानं. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्या दोघींनी करून दाखवलं. महाग साधनं नव्हतीच. दगड, पानं, शंख-शिंपले यांवर त्यांचं काम चाले.

वही म्हणजे पालकांची पावती

मग पालकांना वहीच का हवी असते? यात मी पालकांना हसणार नाही. मी स्वतः पहिलीच्या वर्गात वर्षानुवर्षं 'अ अ अ' गिरवून घेतलेला माणूस आहे. अधिकारी तपासणीला आले की वह्या भरलेल्या दिसाव्या लागत.

सकाळी साडेनऊला मूल रडत सोडून जायचं, संध्याकाळी साडेसहाला उचलायचं. मधल्या नऊ तासांचं काय झालं याचा पुरावा कुणालाही हवाच असतो. किराणा घेतला की आपण बिल मागतो, तसंच हे. भरलेली वही ही पालकांना मिळालेली पावती असते. अडचण एवढीच, की या वयात जे खरं शिकलं जातं त्याची कागदावर पावती फाटत नाही, आणि ज्याची फाटते ते बऱ्याचदा शिकणं नसतं.

शेंगांपासूनच बघू. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती सगळी मऊ कूर्चा असते. पुढच्या वर्षांत एकेक करून त्यांचं हाड बनत जातं, आणि शेवटच्या हाडाची पाळी साधारण आठव्या वर्षाच्या पुढे येते. मिरजेतले डॉक्टर हाताच्या एक्स-रेवरून मुलाच्या वाढीचा अंदाज बांधतात तो याच आधारावर. हाडं हा एक भाग. बोटांचे बारीक स्नायू आणि नजरेचा-हाताचा मेळ हा त्याहून मोठा भाग. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल दिली की ते मूठ आवळून खांद्यापासून सगळा हात फिरवतं, कारण बोटांत अजून तेवढा ताबा आलेला नसतो. आपण त्याला रेषेत लिहायला लावतो आणि वर म्हणतो, 'अक्षर घाणेरडं आहे.'

शेंग फोडताना अंगठा आणि पुढची दोन बोटं चिमटीत येतात. पेन्सिल धरायलाही हीच तीन बोटं लागतात. मटार सोलणं, मणी ओवणं, कणकेच्या गोळ्या करणं, ओल्या कपड्यांना चिमटे लावणं हे सगळं लिहिण्याच्या आधीचं लिहिणंच. (सोललेले दाणे मात्र लगेच मावशींच्या ताटात जातात. या वयात अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो, म्हणून मावशी समोर बसल्याशिवाय शेंगांची टोपली निघत नाही. त्या बाबांनी याबद्दल विचारलं असतं तर मला जास्त आवडलं असतं.)

आपल्याकडच्या माणसाला ऊस सांगितला की पटकन कळतं. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टात होते आणि तो सोळा-अठरा महिने उभा राहतो. दहाव्या महिन्यात शेताच्या बांधावरून बघाल तर ऊस डोक्याच्या वर गेलेला दिसतो. तोडला तर गाडीही भरते. पण कारखान्यात उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, काही लागत नाही. घाईनं भरलेल्या वहीचंही तसंच.

शंभरपर्यंत येतं, पण पाच म्हणजे किती?

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं तो प्रसिद्ध केला. चार वर्षांच्या मुलापुढे पाच-पाच बिस्किटांच्या दोन सारख्या ओळी मांडा. दोन्हींत सारखीच बिस्किटं आहेत का विचारा. मूल 'हो' म्हणेल. आता त्याच्या डोळ्यांदेखत एका ओळीतली बिस्किटं लांब लांब सरकवा आणि पुन्हा विचारा. या वयाची बरीच मुलं लांब ओळीकडे बोट दाखवून म्हणतात, 'इथं जास्त.' शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं मूलही असं म्हणू शकतं.

यात मूल मठ्ठ नसतं. आकडे म्हणणं हे त्याच्यासाठी गाणं आहे, मोजणं ही वेगळी गोष्ट. गाणं पाठ करून घेता येतं. मोजणं मात्र जेवायला बसताना 'आपण सहाजण, ताटल्या किती आणू?' असं रोज विचारल्यावर हळूहळू उतरतं. सुनेकडे ताटल्या मांडायची पाळी लावलेली असते. पालकांना तेही बऱ्याचदा काम करून घेतल्यासारखं वाटतं.

शिवाजी म्हणतो, हात वर!

फॉर्मवर सगळ्यांत जास्त वेळा येणारा शब्द 'शिस्त'. तिच्याबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे.

पालकांच्या मनात शिस्त म्हणजे हाताची घडी, तोंडावर बोट. बालशिक्षणातले लोक ज्याला महत्त्व देतात ती वेगळी आहे. मनात आलेली गोष्ट क्षणभर थोपवणं, सांगितलेलं डोक्यात धरून ठेवणं आणि नियम बदलला की आपणही बदलणं. याला इंग्रजीत जड नाव आहे, मी 'मनाचा लगाम' म्हणतो. हाताच्या घडीत लगाम दुसऱ्याच्या हातात असतो. बाई बाहेर गेल्या की वर्गात काय होतं हे मी चाळीस मुलांच्या वर्गात रोज बघितलंय.

लगाम स्वतःच्या हातात यावा म्हणून लागणारे खेळ आपल्या गल्लीत होतेच. 'शिवाजी म्हणतो, हात वर' म्हटलं तर हात वर करायचा, नुसतं 'हात खाली' म्हटलं तर हलायचं नाही. स्टॅच्यू म्हटलं की पाय हवेत असला तरी थिजायचं. संगीत खुर्चीत गाणं थांबेपर्यंत बसायचं नाही. तीन वर्षांच्या मुलाला हे जमत नाही, ते हसत सुटतं. पाचव्या वर्षी जमतं. मधल्या दोन वर्षांत तेच खेळ शेकडो वेळा झालेले असतात आणि त्यातल्या एकाचीही नोंद वहीत नसते.

'मेंदूची ८५ टक्के वाढ सहाच्या आत होते म्हणतात. मग वेळ का घालवायचा?'

पालक असं विचारतात. हा आकडा २०२० च्या धोरणाच्या मजकुरातच आहे आणि शिकवण्यांच्या जाहिरातींनी तो उचलला आहे. मात्र, ती वाढ कशानं होते हे जाहिरातीत लिहीत नाहीत. ती झोपेनं, पोषणानं, पळण्या-पडण्यानं, माणसांशी बोलण्यानं आणि आपल्याला कुणीतरी सांभाळणारं आहे या भरवशानं होते. अभ्यासक्रम जास्त कोंबला म्हणून टक्के वाढत नाहीत.

याबाबत एक जुना प्रयोग सांगतो. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी या गावी १९६२ साली गरीब कृष्णवर्णीय घरांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पेरी प्रीस्कूल नावाचा उपक्रम सुरू झाला. एकूण १२३ मुलं. त्यांतल्या ५८ जणांना बालशाळेत घेतलं, ६५ जणांना नाही. शाळा रोज सकाळी अडीच तास. तिथं मुलानं आधी आज मी काय करणार हे सांगायचं, मग ते करायचं, नंतर काय झालं ते सांगायचं. आठवड्यातून एकदा शिक्षिका घरी येऊन आईशी आणि मुलाशी बोलायची.

सुरुवातीला त्या मुलांचा बुद्ध्यांक चांगला वाढला. सगळे खूश. पण शाळेची काही वर्षं जाताच तो फरक विरला. एखाद्या पालकानं तिथंच म्हटलं असतं, पैसे पाण्यात. अभ्यासकांनी मात्र त्या मुलांचा पाठपुरावा सोडला नाही. ती चाळिशीला आली तेव्हा बालशाळेत गेलेल्यांपैकी ७७ टक्के जणांनी हायस्कूल पुरं केलेलं होतं, न गेलेल्यांपैकी ६० टक्के जणांनी. कमाई जास्त, अटका कमी. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या जेम्स हेकमन यांनी पुढे या माहितीचा अभ्यास करून त्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात चिकाटी, स्वभाव, लोकांशी वागणं यांना दिलं. म्हणजे ज्याची पावती मिळाली होती ते विरून गेलं आणि ज्याची मिळाली नव्हती ते चाळीस वर्षं टिकलं.

मुलं थोडी होती, परिस्थिती फार वेगळी होती. ते आकडे उचलून विश्रामबागला लावता येणार नाहीत. शिवाय बालशाळा कशीही असली तरी फायदाच होतो असंही नाही. टेनेसी राज्यातल्या सरकारी बालवर्गांवरचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला. चिठ्ठ्या टाकून प्रवेश मिळालेली मुलं सहावीपर्यंत, प्रवेश न मिळालेल्यांपेक्षा अभ्यासात मागे आणि शिस्तीच्या तक्रारींत पुढे निघाली. असं का झालं यावर अभ्यासकांत वाद आहे. मोठ्या गटात बसवून शिकवण्यावर तिथं असलेल्या भराकडे काहीजण बोट दाखवतात.

'ते ठीक आहे, पण इंग्रजीचं काय?'

इंग्रजीची भीती खरी आहे. कारखान्यातला सुपरवायझर असो की मार्केट यार्डातला हमाल, आपलं अडलं तसं पोराचं अडू नये असं दोघांनाही वाटतं. ते चूक कसं म्हणू?

लहान मूल दोन-तीन भाषा सहज पेलतं. जत तालुक्यातली कितीतरी मुलं घरी कानडी आणि गल्लीत मराठी बोलतात, त्यांना कुणी क्लास लावलेला नसतो. पण ती भाषा त्यांच्याशी कुणीतरी बोलतं, भांडतं, हाका मारतं. अर्थ न कळता पाठ केलेल्या पाच इंग्रजी कविता पाहुण्यांसमोर म्हणता येतात, त्यानं तहान लागल्यावर पाणी मागता येत नाही. तेव्हा इंग्रजी सहज बोलणारी बाई असेल तर तिनं मुलांशी बोलावं, खुशाल. नसेल तर घरची भाषा भरपूर बोलावी.

वाचायला शिकताना कुठल्याही भाषेत आधी कान लागतात. शब्दातले आवाज सुटे ऐकू यावे लागतात. 'सांगली, चांगली, पांगली, टांगली' अशी यमकांची माळ लावणारं मूल तेच करत असतं. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरेल? 'मळ!' म्हणून सगळा गट खिदळतो. मराठीत तयार झालेला हा कान पुढे इंग्रजी वाचतानाही कामाला येतो. आई-बाबांनी घरी मोडकंतोडकं इंग्रजी बोलायच्या नादात बोलणंच निम्मं करावं, हे मात्र फार नुकसानीचं.

'शाळेत मुलाखत घेतात, तिथं काय सांगायचं?'

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ नुसार पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही. पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढे दर वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तरी 'सहज गप्पा मारू' म्हणून बोलावणारे भेटतात, हे मला माहीत आहे. पण मुलाला अशा गप्पांतही तेच उपयोगी पडतं, अनोळखी माणसापुढे न दबता बोलणं. ते गिरवून येत नाही.

'खेळायचंच असेल तर पैसे कशाला द्यायचे?'

हा सगळ्यांत चांगला आक्षेप. खेळ तर वाड्यात फुकट होता. फरक पडतो तो खेळताना शेजारी असलेल्या मोठ्या माणसामुळे.

गेल्या पावसाळ्यात मी ओसरीवर बसलो होतो. एक पोरगं खिडकीशी उभं राहून म्हणालं, 'मावशी, पाऊस.' मावशी भात मऊ करत होत्या. 'हो हो, गप बस' म्हणाल्या असत्या तर विषय तिथंच संपला असता. त्या म्हणाल्या, 'कुठं चाललंय रं एवढं पाणी?'
'नदीला.'
'आणि नदी भरली की?'
'मग पूर येतो. मग आम्ही आत्याकडं जातो.'
'आत्याकडं काय काय नेता?'

२०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या गावातलं घर ते. पोरगं पाच मिनिटं बोलत होतं. आधी, नंतर, का, कुठे, सगळं त्यात आलं. झेल खेळतात तसं हे. मुलानं चेंडू टाकला की कुणीतरी तो झेलून परत टाकावा लागतो. दिवसभरात असे किती चेंडू परत आले यावर बरंच अवलंबून असतं, आणि मोबाइल कधीच चेंडू परत टाकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन असं सांगितलंय. एक वर्षाच्या बाळासाठी तर नकोच. दोन मुलांत चाललेली चढाओढ थांबवायला टीव्ही लावणारं पाळणाघर दिसलं तर सरळ मागे फिरा.

आता हिशेब करा. एका मावशीकडे तीस मुलं असतील तर झेल कसले, फक्त मोजदाद होते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान निकष काढले. त्यात तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे किंवा तीनच्या वरच्या २० मुलांमागे एक प्रशिक्षित कार्यकर्ती आणि सोबत मदतनीस असं सांगितलंय. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय सक्तीची झाली, आईला दिवसातून चारदा तिथं जायची मुभा मिळाली. १९७५ पासून चालत आलेल्या अंगणवाडीच्या सहा सेवांमध्ये पूर्वप्राथमिक शिक्षण आहेच. पण अंगणवाडी दुपारी सुटते आणि कुपवाडची पाळी तेव्हा सुटत नाही. म्हणून लोक खासगी पाळणाघर शोधतात, आणि शोधताना भिंतीवरची कार्टून, सीसीटीव्ही, एसी बघतात.

मावशी किती वर्षं इथं आहेत, हे मला आजवर एकाही पालकानं विचारलेलं नाही. एका मावशीकडे किती मुलं, हे दोघा-तिघांनी विचारलं असेल. दर सहा महिन्यांनी मावशी बदलत असतील तर मूल कुणापाशी बोलेल? आणि त्या बदलतात त्याचं कारण बहुतेक वेळा पगार असतो. सुनेनं मागे दोन मावशींचा पगार वाढवण्यासाठी फी थोडी वाढवली तेव्हा कुरकुर झाली. त्याच महिन्यात युनिफॉर्म आणि आयकार्डासाठी पैसे मागितले असते तर लोकांनी मुकाट दिले असते, अशी माझी खात्री आहे.

यंदा सुनेनं फॉर्म बदलला. अपेक्षेचा प्रश्न काढून टाकला. त्या जागी आता आहे, 'तुमचं मूल रडायला लागलं की कशानं शांत होतं?' कोऱ्या ओळी चारच ठेवल्यात, पण लोक मागच्या पानावर लिहून देतायत. पंखा दाखवला की. आजोबांचा फोन लावला की. 'काही बोलू नका, नुसतं शेजारी बसा.' एका फॉर्मवर वडिलांनी लिहिलंय, 'मिसेसला विचारून सांगतो.' त्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात, अकरा ओळी आहेत.